पहिली तारामती : अण्णा साळुंके

थोर पुरुषांची चरित्रे मुलांकडून पाठ करून घेण्यात आमचे उभे आयुष्य गेले. त्यामुळे चरित्र म्हटले की जन्मस्थळ, विद्यार्जन, पराक्रम आणि सन्मान अशा ठराविक पायऱ्या आमच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु जगात अशीही माणसे होऊन गेली की ज्यांच्या वाट्याला पराक्रम आला, पण सन्मानाची पायरी आलीच नाही. आपल्या समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे अशी आज्ञा चिटणीसांकडून झाली, तेव्हा अशाच एका गृहस्थांची आठवण आम्हांस प्रकर्षाने झाली. हिंदुस्थानातील पहिल्या कथापटात राणी तारामतीची भूमिका करणारे कै. अण्णा हरी साळुंके हे ते गृहस्थ होत. चित्रपटाचा इतिहास जाणणाऱ्यांना त्यांचे नाव चांगले ठाऊक आहे. परंतु ते बहुधा एक मौजेची हकीकत म्हणूनच सांगितले जाते. पुरुषाने लुगडे नेसून राणीचे काम केले, एवढे ऐकून श्रोते हसतात आणि विषय तिथेच संपतो. आमच्या मते हा विषय तिथून सुरू झाला पाहिजे.

साळुंके यांची गोष्ट समजण्यास प्रथम दादासाहेब फाळके यांची गोष्ट थोडीशी सांगणे भाग आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी शिक्षण घेतले. छायाचित्रण, पुरातत्त्व खात्यातील नोकरी, छापखाना असे अनेक उद्योग त्यांनी केले व सोडले. १९११ साली गिरगावात ख्रिस्तचरित्रावरील एक चित्रपट त्यांच्या पाहण्यात आला आणि आपल्या देवादिकांची चरित्रेही अशीच पडद्यावर यावीत, या ध्यासाने त्यांना झपाटले. त्या वेळी त्यांनी चाळिशी ओलांडली होती. डोळे दुखावले, घरची चीजवस्तू गेली, विम्याची पॉलिसी गहाण पडली. त्या पैशावर १९१२ च्या आरंभी त्यांनी विलायत गाठली आणि कॅमेरा व कलेचे प्राथमिक ज्ञान घेऊन ते परत आले. त्यांच्या पाठीशी ना एखादे संस्थान होते, ना एखादी मोठी पेढी. होत्या त्या केवळ त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई, ज्यांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले आणि रात्र रात्र जागून फिल्मची कामे शिकून घेतली. आजकाल ज्याला स्वतंत्र चित्रपट म्हणतात, त्याचा आमच्या देशातील पहिला नमुना हाच होय.

कथा ठरली ती राजा हरिश्चंद्राची. यंत्र आले, कथा ठरली, दादरच्या मुख्य रस्त्यावर मथुरा भवन नावाच्या जागेत बिऱ्हाड आणि कारखाना एकत्र थाटला गेला. मात्र माणसे कोठून आणावयाची हा प्रश्न शिल्लक राहिला. वर्तमानपत्रांतून जाहिराती दिल्या. त्यांना उत्तर देऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या अंगी ना रूप होते, ना अभिनय. तेव्हा फाळक्यांनी आपली दृष्टी नाटक मंडळ्यांकडे वळविली. तेथून पांडुरंग गदाधर साने आणि गजानन वासुदेव साने हे दोन नट लाभले. पांडुरंग साने यांना स्त्रीभूमिकांचा सराव होता. त्यांच्या ओळखीने दत्तात्रय दामोदर दाबके आले. दाबके हे उर्दू रंगभूमीवर वावरलेले, अंगापिंडाने भरदार व राजबिंडे गृहस्थ असल्यामुळे त्यांना हरिश्चंद्राची भूमिका मिळाली. गजानन साने विश्वामित्र झाले. एकाने दुसऱ्यास आणावे, दुसऱ्याने तिसऱ्यास, अशा रीतीने ही मंडळी जमली.

त्या काळी नाटकात काम करणे हेच कुलशीलवान घरात कमीपणाचे मानले जाई. मग हा तर त्याहूनही नवा आणि अनोळखी धंदा! चित्रपटात काम करतो असे सांगणाऱ्याला लोक विचारीत की हे आहे तरी काय. म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना एक युक्ती सुचविली. कोणी विचारल्यास आपण हरिश्चंद्राच्या कारखान्यात कामास आहोत असे सांगावे. कारखाना म्हटले म्हणजे लोकांचे समाधान होई. स्वतःच्या कामाचे खरे नाव सांगण्याची चोरी असलेली ही माणसे होती, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

राजा मिळाला, ऋषी मिळाले. राणी मात्र मिळेना. आपल्या रंगभूमीवर १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केले तेव्हापासून स्त्रियांची कामे पुरुषच करीत आले होते आणि प्रेक्षकांना त्यात काही वावगे वाटत नसे. परंतु फाळक्यांची इच्छा अशी की पडद्यावर तारामती स्त्रीनेच व्हावे. रंगमंचावरील नट प्रेक्षकांपासून दूर असतो; कॅमेऱ्याचा डोळा मात्र हनुवटीची निळसर छटादेखील टिपतो, हे ते जाणून होते. घरंदाज बायका येणे शक्यच नव्हते. शेवटी ज्या वस्तीत जाण्यास सभ्य गृहस्थ दिवसाढवळ्या धजत नाहीत, त्या वस्तीतही जाऊन त्यांनी विनंत्या केल्या. तेथील स्त्रियांनीही नकार दिला. कोणी आल्या त्या टिकल्या नाहीत. ज्यांना समाज सर्वांत हलके समजत होता, त्यांनासुद्धा हे काम हलके वाटले! यावरून त्या काळच्या लोकमताची कल्पना यावी.

अशा निराश मनःस्थितीत फाळके मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात गेले असता तेथे काम करणाऱ्या एका तरुणाकडे त्यांची दृष्टी गेली. अंगकाठी सडपातळ, हात नाजूक, बोटे निमुळती, हालचाल हळुवार. हेच अण्णा साळुंके. चुलीच्या धगीत उभे राहून दरमहा दहा रुपये मिळविणारा हा माणूस! नाटकाची विद्या त्यांच्या गाठीशी नव्हती, गाणे नव्हते, घराणे नव्हते. फाळक्यांनी त्यांना दरमहा पंधरा रुपये देऊ केले आणि साळुंके यांनी ते स्वीकारले.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. दहाचे पंधरा होणे ही गरिबाच्या संसारात लहान गोष्ट नव्हे, आणि त्या पाच रुपयांसाठी त्यांनी होकार दिला असे कोणी म्हटल्यास त्यात लाज वाटण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही. पोट सर्वांनाच आहे. परंतु जे काम नाटकवाल्यांना अवघड वाटले आणि बाजारबसव्या बायकांना अपमानाचे वाटले, ते काम एका आचाऱ्याने पत्करले, ही गोष्ट केवळ पाच रुपयांची खचित नव्हती. उपाहारगृहातील चाकरी कायमची होती. हा कारखाना चार महिन्यांत बुडेल की चालेल याची शाश्वती खुद्द मालकासही नव्हती. खात्रीची भाकरी सोडून बेभरवशाच्या कामात पाऊल टाकणाऱ्यास धैर्य लागते.

पुढची अडचण मिशांची. स्त्रीवेष घेणाऱ्यांना मिशा काढणे प्राप्त होते आणि वडील हयात असता मिशी उतरविणे हे आपल्याकडे अशुभ मानले जाई. पितृनिधनानंतरच ते करावयाचे अशी रूढी. स्त्रीभूमिका करणाऱ्या मंडळींनी प्रथम साफ नकार दिला. तारामतीला मिशा असून कसे चालेल, हे फाळक्यांना त्यांना व त्यांच्या वडीलधाऱ्यांना परोपरीने पटवून द्यावे लागले, तेव्हा कोठे वस्तरा लागला. आज या हकिगतीचे हसू येते. परंतु ज्याने ती मिशी उतरविली, त्याला आपल्या गल्लीतून तोंड वर करून जाताना काय वाटले असेल, याचा विचार हसणाऱ्यांनी करावा.

काम सुरू झाले. विजेचे दिवे नसल्याने सारे चित्रण सूर्यप्रकाशात करावे लागे. कॅमेरा हाताने फिरवावयाचा. कारखान्यातील साऱ्या माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई एकट्या करीत आणि शिवाय चित्रणाच्या वेळी उजेड वळविण्यासाठी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत. रोहिदासाचे काम करण्यास मुलगा मिळेना, कारण या कथेत मुलाने रानात जाऊन मरावयाचे, आणि कोणते आईबाप आपल्या पोराला खोटे का होईना, पण मरणाचे सोंग घेऊ देतील? शेवटी फाळक्यांनी आपला स्वतःचा मुलगा भालचंद्र यासच पुढे केले. बाहेरगावच्या चित्रणासाठी मंडळी मुंबईजवळ वांगणी येथे गेली असता, ढाल-तलवारी घेतलेली ही टोळी पाहून गावकऱ्यांना दरोडेखोरांचा संशय आला व प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. फाळक्यांनी कॅमेरा लावून प्रत्यक्ष नाटक करून दाखविले, तेव्हा त्यांची सुटका झाली. त्याच ठिकाणी खेळता खेळता भालचंद्राच्या डोक्यास दगडाची जबर इजा होऊन तो बेशुद्ध पडला. मुंबईस परतावे असे काहींचे म्हणणे पडले. पण परतल्यास खर्च दुप्पट आणि काम अर्धवट. बापाने काळीज घट्ट केले आणि मृत रोहिदासाचा प्रसंग त्या बेशुद्ध मुलावरच चित्रित केला. अशा माणसांच्या संगतीत ग्रँट रोडचा आचारी राणी होण्याचे शिकत होता.

आणि हे शिक्षण सोपे नव्हते. आमच्या नाटकातील स्त्रीपार्टी नट गळ्याच्या बळावर प्रेक्षकांना जिंकीत. गाण्याची एक तान निघाली की पुरुषपणाचा विसर पडे. मूकपटात गळा नाही, शब्द नाही, तान नाही. उरतो तो चेहरा, हात आणि चाल. राज्य गेले, नवरा डोंबाघरी राबतो आहे, पोटचे पोर सर्पदंशाने गेले. हे सारे दुःख एका अक्षराचाही उच्चार न करता दाखवावयाचे! रंगभूमीचा अनुभव नसणे हे येथे कदाचित साळुंके यांच्या पथ्यावरच पडले असावे, कारण अंगविक्षेपाची व ओरडून बोलण्याची सवय त्यांना मोडावी लागली नाही.

चित्रपट पुरा झाला. चार रिळे, सुमारे ३,७०० फूट लांबी. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी पहिला खेळ झाला. हे थिएटर ग्रँट रोडवरच होते! ज्या रस्त्यावर साळुंके चुलीपुढे राबत होते, त्याच रस्त्यावर ते शहरातील प्रतिष्ठित मंडळींसमोर राणीच्या रूपात उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन थिएटरात तो सर्वांसाठी खुला झाला व लोकांनी त्याला उचलून धरले. हिंदुस्थानातील कथापटाचा आरंभ याच दिवसापासून मोजला जातो. योगायोग असा की त्याच वर्षी गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली आणि बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावले. बालगंधर्वांवर शालजोड्यांचा वर्षाव झाला, आणि तो योग्यच झाला. पण पडद्यावरील पहिल्या राणीला कोणी शालजोडी पांघरल्याचे ऐकिवात नाही.

यानंतरच्या मोहिनी भस्मासुर या चित्रपटात फाळक्यांना अखेर स्त्री नटी मिळाल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची अल्पवयीन कन्या कमलाबाई मोहिनी झाली. याच कमलाबाई पुढे गोखले घराण्यात गेल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले त्यांचे नातू. परंतु या मायलेकी मूळच्या रंगभूमीच्या. त्या रंगभूमीकडे परतल्या आणि फाळक्यांना पुन्हा साळुंके यांचीच आठवण झाली.

१९१७ साली लंकादहन हा चित्रपट आला आणि त्यात साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच नटाने एकाच चित्रपटात दोन पात्रे रंगविण्याचा आमच्या देशातील हा पहिला प्रयोग समजला जातो. मारुतीचे काम गणपत शिंदे यांनी केले होते. जाणत्यांनी सीतेच्या दंडावरून रामाला ओळखले असेही गमतीने सांगतात. पण सामान्य प्रेक्षकांना त्याचे भान नव्हते. पडद्यावर प्रभू रामचंद्र अवतरताच लोक पायातील वहाणा काढून ठेवीत. खेळ सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत चालत. मद्रासकडे तर जमलेली नाणी बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागली, असे वर्णन आहे. पाच वर्षांपूर्वी उपाहारगृहात गिऱ्हाइकांसाठी राबणाऱ्या माणसासमोर आता गिऱ्हाइके अनवाणी बसत होती. त्याच १९१७ साली फाळक्यांनी हरिश्चंद्राची कथा पुन्हा एकदा चित्रित केली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली रिळे या दुसऱ्या चित्रणातील असावीत, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे.

एवढी लोकप्रियता मिळाल्यावर दुसरा कोणी असता तर जन्मभर मुकुट घालूनच मिरवला असता. साळुंके यांनी तसे केले नाही, आणि आमच्या दृष्टीने त्यांच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद भाग हाच आहे. चेहरा फार दिवस कोवळा राहत नाही. शिवाय आज ना उद्या स्त्रियाच स्त्रियांची कामे करणार, हे उघड होते. साळुंके कॅमेऱ्याच्या पुढून कॅमेऱ्याच्या मागे गेले. १९१८ साली नाशिकला हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली, आणि त्या काळात त्यांनी छायालेखकाचे काम हाती घेऊन त्यात प्रावीण्य मिळविले. नट म्हणून त्यांनी केलेले चित्रपट हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. छायालेखक म्हणून केलेले मात्र तीसच्या आसपास भरतात. जग त्यांना नायिका म्हणून ओळखते, पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग छायालेखनात गेला.

हे काम किती कसबाचे होते, हे आजच्या तरुणांना कळणार नाही. कॅमेऱ्याची मूठ सेकंदाला दोन फेरे या बेताने, न थबकता व न घाई करता, फिरवीत राहावयाची. हात अडखळला की पडद्यावरील माणूस अडखळलाच. प्रकाश मोजण्याची साधने हाताशी नसत. ढग आला, ऊन कलले, तर ते नजरेनेच जोखावयाचे. चुलीवरील कढईचा ताव नुसत्या नजरेने ओळखणाऱ्या माणसाला उन्हाचा ताव ओळखणे जमले, यात आम्हांस आश्चर्य वाटत नाही. कोणतेही काम मन लावून केले की त्याने मिळालेले शहाणपण दुसऱ्या कामात उपयोगी पडते, हे आम्ही मुलांना नेहमी सांगत आलो.

१९३१ साली बोलपट आला. मूकपटाची सारी दुनिया दोन-चार वर्षांत ओस पडली आणि त्या दुनियेबरोबरच साळुंके यांची अठरा वर्षांची चित्रपटसेवाही संपली. खुद्द फाळक्यांनाही नवा काळ मानवला नाही. १९३७ साली गंगावतरण हा एकच बोलपट त्यांनी काढला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. मालकाच्या नावाने १९६९ पासून सरकारने सर्वोच्च पुरस्कार ठेवला. त्यांच्या पहिल्या राणीच्या नावाने काहीही नाही.

१९३२ साली प्रभात कंपनीचा अयोध्येचा राजा हा पहिला मराठी बोलपट आला. कथा तीच, हरिश्चंद्राचीच! परंतु या वेळी तारामती झाल्या दुर्गाबाई खोटे. मुंबईतील सुखवस्तू, सुशिक्षित घराण्यातील स्त्री. त्यांनाही टीका सोसावी लागली, पण त्यांच्या पावलांनी घरंदाज स्त्रियांसाठी चित्रपटाची वाट मोकळी झाली. १९१३ साली ज्या कामाला बाजारातील स्त्रीही तयार नव्हती, त्याच कामाला अवघ्या १९ वर्षांनी कुलीन स्त्री पुढे आली. मधल्या १९ वर्षांत ती जागा रिकामी राहू न देण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत साळुंके अग्रभागी होत. पूल बांधून होईपर्यंत पलीकडे माणसे पोहोचविणारा नावाडी पुढे कोणाच्या स्मरणात राहत नाही, तसेच त्यांचे झाले.

आम्ही शाळेत असताना एका वर्षी स्नेहसंमेलनात हरिश्चंद्राख्यान बसविण्याचे ठरले. मुलांचीच शाळा, तारामतीचे काम करण्यास कोणी उठेना. एका मुलाचे नाव पुढे येताच वर्गात खसखस पिकली आणि तो बिचारा रडवेला झाला. त्याचे वडील आचारी होते, म्हणून इतर मुले त्याला आधीच चिडवीत. आम्ही त्या दिवशीचा धडा बाजूस ठेवला आणि साळुंके यांची हकीकत साऱ्या वर्गाला सांगितली. ग्रँट रोडची चूल, दहा रुपये, उतरविलेली मिशी, पायातील वहाणा काढून बसलेले प्रेक्षक, सारे काही. वर्ग शांत झाला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाने स्वतः येऊन काम करण्याची तयारी दर्शविली आणि ते त्याने उत्तम केले. पुढे त्याने आपल्या वडिलांचाच व्यवसाय चालविला आणि भरभराटीस आणला. आम्हांस रस्त्यात भेटतो तेव्हा तो अजूनही ते संमेलन आठवतो.

आपल्या समाजातील तरुणांना नोकरीधंद्याची निवड करताना लोक काय म्हणतील ही भीती आजही सतावते, हे आम्ही पाहतो. अमुक काम हलके, तमुक काम बायकी, अमुक धंदा आपल्या कुळास शोभणारा नव्हे, अशी वर्गवारी करण्यात उमेदीची वर्षे निघून जातात. त्यांनी अण्णा साळुंके यांच्याकडे पाहावे. जे काम कोणी घेईना ते त्यांनी घेतले, जीव ओतून केले आणि त्याची वेळ संपत आल्याचे दिसताच तक्रार न करता दुसरे कसब शिकून घेतले. सन्मान मिळो न मिळो, काम खोटे केले नाही. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची कथा त्यांनी पडद्यावर सांगितली, आणि श्रमाला लाजू नये हे सत्य त्यांनी स्वतःच्या आयुष्यात आचरून दाखविले.

अशा या श्रमनिष्ठ कलावंताच्या स्मृतीस आम्ही आदरपूर्वक वंदन करितो.